गवतांचे गणगोत

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळा, कोद्रा ही नावे सरकारी फलकांवर एका ओळीत आली. ओळ सोयीची आहे, कारण ही सगळी कमी पाण्यावर आणि तापलेल्या जमिनीत येणारी धान्ये. पण वंशावळ काढायला बसले की ही ओळ मोडते. ज्वारीचे जवळचे नाते बाजरीशी नाही, उसाशी आणि मक्याशी आहे. बाजरी राळ्याच्या घरातली. नाचणी या सर्वांपासून इतकी दूर की तिचे आप्त शोधायचे तर दुर्वांच्या हरळीकडे जावे लागते. आणि खरिपात या साऱ्यांच्या सोबतीने वाढणारा भात गव्हाच्या आणि बांबूच्या पंक्तीला बसतो. गेल्या चाळीस वर्षांत गवतांच्या वर्गीकरणाची जी फेरमांडणी झाली, तिचा मला लागलेला अर्थ असा: उष्ण हंगामात फोफावणे ही गवतांची राहणी आहे, तो त्यांचा वंश नव्हे. ही राहणी अनेक घराण्यांनी वेगवेगळ्या काळी, एकमेकांना न विचारता उचलली. राहणी आणि वंश यांची गल्लत केली, तर यातले एकही नीट कळत नाही.

ही गल्लत अडाणीपणातून झालेली नाही, हे आधी सांगायला हवे. गवताचे फूल इतके बारीक आणि पाकळ्यांविना असते की वनस्पतिशास्त्रज्ञांना त्याच्या कणिशकांवरच, म्हणजे तुसांच्या आवरणातल्या फुलांच्या लहानशा झुबक्यांवरच, भिस्त ठेवावी लागली. रॉबर्ट ब्राऊन याने १८१० ते १८१४ या काळात भिंगाखाली ही कणिशके तपासून गवतांचे दोन मोठे गट पाडले. एका गटात कणिशकात दोन फुले असतात आणि त्यांपैकी खालचे अपुरे राहते. दुसऱ्याची रचना निराळी. पहिला गट मुख्यतः उष्ण प्रदेशांत आणि दुसरा थंड प्रदेशांत आढळतो, हेही त्यानेच टिपले. पुढे १९३१ मध्ये रशियन संशोधक अवदुलोव याने गुणसूत्रे मोजली. गहू, जव, ओट यांची गुणसूत्रे मोठी आणि सातच्या पटीत. ज्वारी, मका, राळा यांची लहान आणि नऊ-दहाच्या पटीत. पानाचा आडवा छेदही या विभागणीला साक्ष देत होता. फूल, गुणसूत्र आणि पान हे तिन्ही साक्षीदार एकच सांगत असताना हवामान आणि वंश ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, असे वाटणे स्वाभाविक होते. ब्लॅटर आणि मॅककॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरचा १९३५ चा ग्रंथ आजही हाताशी ठेवावा असा आहे, पण तोही बाह्यरूपावरच उभा आहे. त्या काळी दुसरे साधन नव्हते.

पहिली फट पडली ती पानाच्या आत. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ हाबरलांट याने १८८० च्या दशकात काही वनस्पतींच्या शिरांभोवती मोठ्या, हिरव्यागार पेशींचे कडे पाहिले होते. त्याचे प्रयोजन मात्र जवळजवळ ऐंशी वर्षे उलगडले नाही. १९६० च्या सुमारास सोव्हिएत रशियात कारपिलोव मक्यावर आणि हवाईत कोर्टशाक व सहकारी उसावर काम करत होते. दोघांनाही दिसले की ही पिके कार्बन डायऑक्साइड पकडतात तेव्हा पहिल्यांदा चार कार्बनांचे संयुग बनते, तर पाठ्यपुस्तकात तीन कार्बनांचे लिहिलेले होते. १९६६ मध्ये ब्रिस्बेनमध्ये हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्याच पानावरून या प्रक्रियेची साखळी जुळवली. तिला सी-४ म्हणतात आणि भात-गव्हाच्या नेहमीच्या पद्धतीला सी-३. हवेतला कार्बन पकडणारे रुबिस्को हे विकर उष्णतेत अधिकाधिक चुकते. कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायू पकडते आणि झाडाने कमावलेल्या ऊर्जेतला मोठा वाटा वाया जातो. सी-४ गवते पानाच्या बाहेरच्या पेशींत दुसऱ्या, न चुकणाऱ्या विकराने कार्बन पकडतात आणि तो शिरांभोवतीच्या त्या कड्यात ढकलतात. तिथे तो इतका दाटतो की रुबिस्कोला चुकायला वावच उरत नाही. शिवाय पर्णरंध्रे फारशी उघडावी लागत नाहीत, म्हणून पाणी वाचते. ज्वारी-बाजरीच्या काटकपणाचे मोठे रहस्य हेच. पण ही पद्धत जिथे जिथे आहे ती गवते सगळी एकाच पूर्वजाची लेकरे आहेत का, हा प्रश्न कणिशके पाहून सुटणारा नव्हता.

तो डीएनएने सोडवला. अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून नेमलेल्या गटाने २००१ मध्ये गवतांचा पहिला सर्वमान्य वंशवृक्ष मांडला आणि २०१२ मध्ये तो कितीतरी अधिक जाती घेऊन तपासला. गवतांच्या साडेअकरा हजारांहून अधिक जातींपैकी बहुतेक सगळ्या दोन मोठ्या शाखांत बसतात. एका शाखेत बांबू, भात आणि गहू यांची तीन उपकुले आहेत. दुसरीत सहा उपकुले आहेत आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘पॅकमॅड’ म्हणतात. सी-४ गवते झाडून सारी या दुसऱ्या शाखेत आहेत, पहिलीत एकही नाही. इथवर जुने वर्गीकरण बरोबर होते असे म्हणता येईल. अडचण पुढे आहे. पॅकमॅडमधली सगळी गवते सी-४ नाहीत. नदीकाठी माणसाच्या दुप्पट उंच वाढणारी नळाची गवते या शाखेतली, पण सी-३. न्यूझीलंडच्या डोंगरांवरचे गवताचे जाड झुबके याच शाखेतले, तेही सी-३ आणि थंडीत राहणारे. ज्या उपकुलात ज्वारी-बाजरी आहेत त्यातही सी-३ जाती पुष्कळ आहेत. सी-४ ठिपके या वृक्षावर विखुरलेले आहेत, आणि २०१२ च्या हिशेबानुसार ही पद्धत गवतांमध्ये २२ ते २४ वेळा स्वतंत्रपणे उगम पावली असावी.

यावर सरळ आक्षेप येतो. इतकी गुंतागुंतीची यंत्रणा वीस-बावीस वेळा नव्याने जन्मली, यापेक्षा ती एकदाच जन्मली आणि पुढे काही शाखांनी ती गमावली, असे का मानू नये? एखादी गोष्ट घडवण्यापेक्षा हरवणे सोपे असते, म्हणून आक्षेप हलका नाही. पण यंत्रणेचे सुटे भाग पाहिले की तो टिकत नाही. ज्वारी, मका, ऊस कड्यातल्या पेशीत कार्बन मोकळा करायला एक विकर वापरतात. नाचणी आणि वरी दुसरे. गिनी गवत तिसऱ्यावर बराच भार टाकते. कडे तरी एकच असावे, तर तेही नाही. शिरेभोवती पेशींचे दोन थर असतात. काही घराण्यांनी आतला थर या कामाला जुंपला, काहींनी बाहेरचा. कार्बन पकडणाऱ्या विकराची जनुकेही घराण्याघराण्यात वेगवेगळ्या प्रतींमधून निवडली गेली आणि मग त्यांत ठरावीक जागी तेच तेच बदल पुन्हा पुन्हा घडले. एका पूर्वजाकडून वारसा आला असता तर सगळ्यांनी एकच प्रत, एकच थर, एकच विकर वापरले असते. इथे काम एक आणि अवजारे निराळी आहेत. नाचणी आणि वरी यांचे विकर सारखे, म्हणून त्या तरी बहिणी असाव्यात असे वाटेल. पण त्या दोघी दोन वेगळ्या उपकुलांतल्या आहेत, आणि सारखेपणा त्यांनी आपापला कमावला आहे.

मग हा योग एकाच शाखेला वीसदा का आला आणि दुसरीला एकदाही का नाही? २०१३ मध्ये क्रिस्टिन, एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी अनेक गवतांच्या पानांचे छेद मोजून याचे जे उत्तर दिले ते मला पटते. पॅकमॅड शाखेच्या सी-३ पूर्वजांच्या पानात शिरा जवळजवळ होत्या आणि त्यांभोवतालच्या पेशी आधीच मोठ्या होत्या. यंत्रणा नव्हती, पण तिच्यापुरती जागा तयार होती. भात-गव्हाच्या शाखेत ती जागाच नव्हती. या जुन्या फरकाची किंमत आजही मोजावी लागते. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने भातात सी-४ यंत्रणा बसवण्याचा प्रकल्प हाती घेतला, त्याला दीड दशक उलटले. जनुके हलवता येतात. पानाची बांधणी बदलणे अवघड ठरते आहे. भात मुळात कुठल्या घरचा हे ठाऊक असेल, तर या संथपणाचे नवल वाटणार नाही.

‘उष्णहंगामी’ या शब्दात आणखी एक गृहीतक दडलेले आहे: थंडी ही गवतांची मूळ स्थिती आणि उष्णता नंतर जिंकलेला प्रदेश. नेमके उलटे आहे. गवतांचे पूर्वज उष्णकटिबंधातलेच. त्याचा एक पुरावा तर चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावच्या शिवारात सापडला. तिथल्या खडकात डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा मिळते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद, तसेच कॅरोलाइन स्ट्रॉम्बर्ग, अशोक साहनी आदींनी ती तपासली, तेव्हा तीत गवताच्या पेशींत साचणाऱ्या सिलिकेचे सूक्ष्म कण निघाले. २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या त्या कणांच्या आकारावरून गवतांच्या एकाहून अधिक शाखा तेव्हाच फुटलेल्या होत्या असे दिसले, आणि २०११ मध्ये भाताच्या घराण्याचे कणही ओळखले गेले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतेच, हे तोवर पाठ्यपुस्तकातले वाक्य होते. तेव्हाचा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उबदार. त्या उबेतून निघून थंडीत तग धरायला शिकले ते गव्हाचे घराणे. नवलाई करणारे ते, ज्वारी नव्हे. २०१० मध्ये एडवर्ड्स आणि स्मिथ यांनी वंशवृक्षावर हवामानाच्या नोंदी ठेवून हेच दाखवले: सी-४ झालेली गवते आधीपासूनच उष्ण प्रदेशात राहत होती, सी-४ होताना बदलले ते तापमान नव्हे, तर ओलावा. दाट, ओल्या जंगलाच्या सावलीतून ती कोरड्या, उघड्या रानाकडे सरकली.

या सरकण्याला वेळही बराच लागला. जनुकांच्या हिशेबाने सर्वांत जुनी सी-४ घराणी सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीची, हवेतला कार्बन डायऑक्साइड घटत गेला त्या काळातली. पण ती पृथ्वीवर पसरली आठ ते सहा दशलक्ष वर्षांपूर्वी. दोन्ही प्रकारच्या गवतांत कार्बनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते आणि ते मातीत टिकून राहते. क्वेड, सर्लिंग आणि बोमन यांनी १९८९ मध्ये पाकिस्तानातील शिवालिक टेकड्यांच्या प्राचीन मातीत हा बदल थराथराने मोजला. घोड्यांच्या जुन्या दातांतही तो दिसतो. यंत्रणा हाती असूनही दोन कोटी वर्षे ही गवते किरकोळच राहिली. वणवे, कोरडे ऋतू आणि चरणारी जनावरे वाढली तेव्हा त्यांना माळ मोकळा मिळाला. एकटा कार्बन डायऑक्साइड सगळ्याचे कारण, असे सुटसुटीत उत्तर देणाऱ्यांनी हे अंतर लक्षात घ्यावे.

मराठी शेतकरी इथे बरोबर बोट ठेवील: ज्वारी उष्ण हंगामाची, तर मग शाळू रब्बीत कसा येतो? सोलापूर-मंगळवेढ्याची मालदांडी थंडीत उभी असतेच की. पण ती पेरली जाते सप्टेंबर-ऑक्टोबरात, माती उबदार असताना, आणि वाढते काळ्या रानात साठलेल्या ओलीवर. दख्खनचा हिवाळा युरोपच्या उन्हाळ्याला लाजवणारा. दुपारी तापमान तीस अंशांच्या आसपास पोचते. जिथे खरोखर गोठते, तिथे ज्वारी उभी राहत नाही. खरीप-रब्बी ही पावसाची आणि पेरणीची विभागणी आहे. ती वंशाला लागू होत नाही आणि राहणीलाही पुरती लागू होत नाही.

वंश मात्र डोळ्यांनी पाहता येतो, त्याला प्रयोगशाळाच लागते असे नाही. ज्वारीच्या कणसातली एक लहान फांदी तोडून पाहावी. दाणा धरलेल्या, देठ नसलेल्या कणिशकाशेजारी देठाचे दुसरे कणिशक असते, बहुधा फोल. अशी जोडी उसाच्या तुऱ्यात असते, कुरणातल्या मारवेलात असते, कपड्यांना टोचणाऱ्या कुसळीत असते. मक्याच्या कणसात जोडीतली दोन्ही कणिशके दाणा धरतात, म्हणून दाण्यांच्या ओळी सम संख्येत येतात: बारा, चौदा, सोळा. सुमारे १२०० जातींचे हे घराणे एकाच सी-४ पूर्वजापासून आलेले आहे. वाळा आणि गवती चहाही त्यातलेच. नाचणीची बोटे आणि हरळीच्या तुऱ्याची बोटे शेजारी ठेवली की दुसरे घराणे दिसते. (शेतात त्यांच्यासोबतच उगवणारा लव्हाळा मात्र गवत नव्हे, त्याचे कुलच वेगळे, दांडा तिकोनी.)

एवढे करून उपयोग काय, असा व्यवहारी आक्षेप राहतो. शेतकऱ्याला हंगाम कळला म्हणजे पुरे, कूळ कशाला? रोगांनी याचे उत्तर दिले आहे. ज्वारीवर केवडा आणणारा रोगजंतू मक्यावरही येतो, बाजरीवर नाही. बाजरीचा गोसावी रोग दुसऱ्या जातीच्या जंतूमुळे होतो, आणि त्या जातीचे प्रकार राळ्यावर येतात. ‘भरडधान्य’ या ओळीत हे दिसत नाही, वंशवृक्षात दिसते. संकराचेही तसेच. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात १९३० च्या दशकात वेंकटरामन यांनी ऊस आणि ज्वारी यांचा संकर केला, जानकी अम्मल यांनी ऊस आणि मक्याचा. ऊस आणि नाचणीचा संकर कोणी केल्याचे ऐकिवात नाही. गोठ्यासाठी लावले जाणारे संकरित नेपियर हे बाजरी आणि हत्तीगवत यांचे अपत्य आहे. उसाचा जनुकसंच अवाढव्य आणि गुंतलेला. तो वाचताना २००९ मध्ये पूर्ण झालेला ज्वारीचा आटोपशीर जनुकसंच वाटाड्या म्हणून वापरला गेला. नाते मार्ग दाखवते, हमी देत नाही, हेही मान्य करायला हवे. करपा आणणारी बुरशी भातावर आणि नाचणीवर, दोन दूरच्या शाखांवर येते. १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये ती गव्हावरही आढळली. आणि वृक्षाच्या फांद्या सर्वत्र वेगळ्या राहिलेल्याही नाहीत. ज्वारी-उसाच्या घराण्यातल्या कित्येक जाती दोन जातींच्या संकरातून आणि गुणसूत्रे दुप्पट होऊन जन्मल्या. आफ्रिकेत, आशियात आणि ऑस्ट्रेलियात वाढणाऱ्या एका गवताने तर सी-४ ची काही जनुके दूरच्या गवतांकडून थेट मिळवली आहेत. त्याच गवताच्या काही वसाहती आजही सी-३ आहेत.

नावे बदलण्याची तक्रार मात्र मला अर्धीच मान्य आहे. बाजरीची शास्त्रीय प्रजाती ‘पेनिसेटम’ होती, आता तिला ‘सेंक्रस’ म्हणतात, म्हणजे माळावरच्या अंजन गवताच्या घरात तिची रवानगी झाली. गिनी गवत ‘पॅनिकम’मधून आधी ‘युरोक्लोआ’त आणि मग ‘मेगाथिर्सस’मध्ये गेले. बियाण्याच्या पिशवीवर आणि जुन्या संशोधनपत्रिकांत यामुळे गोंधळ होतो, तो खरा आहे. पण जुन्या ‘पॅनिकम’मध्ये सी-३ आणि सी-४, दूरच्या आणि जवळच्या जाती केवळ कणिशकाच्या साम्यावर कोंबल्या होत्या. ती प्रजाती तशीच ठेवली असती, तर नाव स्थिर राहिले असते आणि त्याला अर्थ उरला नसता. बाजारात बाजरीला बाजरीच म्हणावे. शास्त्रीय नाव नाते सांगण्यासाठी असते, म्हणून ते नात्याप्रमाणे बदलले पाहिजे.

या नात्यांचा जिवंत साठा आपल्या कुरणांत आहे. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार सांगितले. दख्खनच्या पठारावरचा प्रकार त्यांनी ज्या दोन प्रजातींवरून ओळखला, त्यांत पवन्या आणि मारवेल ही गवते येतात, आणि दोन्ही ज्वारीच्या घराण्यातली आहेत. ‘ग्लायफोक्लोआ’ ही त्याच घराण्यातली प्रजाती कोकण-गोव्याच्या जांभ्या सड्यांवर आणि दख्खनच्या काही भागांत वाढते, भारतीय द्वीपकल्पाबाहेर नाही. ज्वारीच्याच प्रजातीतली एक रानटी जात दख्खनमध्ये उगवते आणि ज्वारीचे कोंब मारणाऱ्या खोडमाशीला ती जवळपास दाद देत नाही. तिचा ज्वारीशी संकर अवघड आहे, कारण परकी परागनलिका ज्वारीच्या फुलात पुढे सरकत नाही. तरी संशोधक त्या वाटेवर आहेत. असे असताना महसुली नोंदीत ही राने ‘पडीक’ ठरतात आणि पावसाळा आला की त्यांवर रोपे लावण्याचे कार्यक्रम होतात. गायरानावर खड्डे घेण्याआधी ग्रामपंचायतीने तिथल्या गवतांची यादी करून घ्यावी. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवते तुऱ्यावर असतात, तेव्हा हे काम जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही जमण्यासारखे आहे.